सुपडूनानांची सवलतीतली कार्डं

सुपडूनानांच्या घरी फोडणी करायची असेल तर हळद कागदाच्या पुडीतून घ्यावी लागते, जिरं औषधाच्या बाटलीतून, आणि मोहरी कुठे आहे ते विचारायचंच नाही. कारण मसाल्याचा डबा नानांच्या ताब्यात आहे. चांगला जाड स्टीलचा, वाट्यावाट्यांचा डबा, नानांच्या बायकोच्या, मंदाकाकूंच्या रुखवतात आलेला. त्यात आता मेमरी कार्डं असतात. हो, कॅमेऱ्यात घालतात ती. हळदीच्या वाटीत आमची गल्ली, जिऱ्याच्या वाटीत मागची, मोहरीत शाळेकडची. आणि मधल्या वाटीत जी माणसं आता या जगात नाहीत त्यांची. प्रत्येक कार्डावर चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर मुंगीच्या अक्षरात घराची खूण. 'निळं गेट.' 'पेरूचं झाड.' आमच्या कार्डावर लिहिलंय 'ब्लाउज.'

मंदाकाकू म्हणतात, "एक दिवस मी वरणाला फोडणीच देणार आहे त्यांची."

जळगावात पिंप्राळ्याच्या बाजूला आमचं घर, आणि भिंतीला भिंत लावून नानांचं. मी घरीच ब्लाउज शिवते. त्यामुळे मी दिवसभर घरात सापडते, आणि नाना कधीच सापडत नाहीत. म्हणून त्यांची सगळी पार्सलं माझ्या माथी. डिलिव्हरीवाला गल्लीच्या तोंडाशी आला की हॉर्न वाजवून मला बोलावतो. मला तो 'कार्डवाल्या ताई' म्हणतो. मी आयुष्यात एक कार्ड विकत घेतलेलं नाही, पण नाव माझं झालंय. काय बोलणार!

नाना वीज खात्यात होते. घरोघर फिरून मीटरचे आकडे घ्यायचे. त्या नोकरीने त्यांच्या डोक्यात एक गोष्ट कायमची बसवली, ती म्हणजे एका घरातलं दुसऱ्या घरात जाऊ द्यायचं नाही. "वहिनी, एकाचा आकडा दुसऱ्याच्या बिलात गेला की काय होतं ते मी भोगलंय. बाया लाटणं घेऊन आल्या होत्या अंगावर." म्हणून फोटोंनाही तोच कायदा. एक घर, एक कार्ड. कार्ड अर्धं रिकामं असो, त्यात एकच म्हातारी असो, शेजारच्या म्हातारीला त्यात जागा नाही. मी एकदा विचारलं, "नाना, एका कार्डात अख्खा तालुका मावतो म्हणे, मग?" तर माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी दोन घरांची चूल एक करायला सांगत होते.

फोटो कुणाचे? फक्त म्हाताऱ्या माणसांचे. लग्न, बारसं, डोंगर, सूर्यास्त, यातलं काही नाही. नाना रस्त्याने चालले आणि समोरून एखादे आबा काठी टेकत आले की नाना थांबतात, मान तिरकी करतात आणि म्हणतात, "आबा, जरा उजेडात या." बस. एवढं ऐकलं की अर्धे म्हातारे मागे फिरतात. आमच्या गल्लीत ज्याला नाना 'उजेडात या' म्हणाले त्याच्याकडे लोक जरा काळजीने बघतात.

आता यामागचं कारण सांगते, म्हणजे तुम्ही नानांना वेडं ठरवायच्या आधी जरा थांबाल. माणूस गेलं की दिवसकार्याला, आमच्याकडे त्याला गंधमुक्त म्हणतात, मोठा फोटो लागतो. हार घालायला, समोर बसून रडायला. आणि त्या वेळी घरात फोटो नसतो. अहो, नसतोच! फोनमध्ये पोरांचे केक कापतानाचे हजार फोटो, पण आजीचा एकसुद्धा धड नाही. मग धावाधाव. कोणी आधार कार्ड घेऊन स्टुडिओत पळतो. कोणी लग्नाच्या घोळक्यातून आजोबांना कापून काढतो. मागच्या गल्लीतल्या एका आजोबांच्या फोटोत खांद्यावर कुणाचा तरी मेंदी लावलेला हात तसाच राहिला होता. सगळी गंधमुक्त होईपर्यंत बायकांमध्ये एकच कुजबुज, हात कोणाचा? आजी तर जेवलीसुद्धा नाही नीट.

तर हे होऊ नये म्हणून नाना. कुणी गेलं की त्या घरचं माणूस डॉक्टरकडून निघतं ते थेट नानांच्या दारात येतं. नाना डबा उघडतात, कार्ड काढतात, स्टुडिओत स्वतः जातात. पैसा घेत नाहीत. चहासुद्धा नको म्हणतात.

आणि एवढ्या घरांना एवढी कार्डं पुरवायची, तीही पेन्शनीत, म्हणून सगळी खरेदी सवलतीत. नानांच्या मोबाइलवर जेवढी दुकानं आहेत तेवढी फुले मार्केटमध्ये नसतील. पण नाना पटकन घेत नाहीत. कार्ड पसंत पडलं की ते कार्टात टाकून ठेवतात आणि सोडून देतात. "पिकू द्या, वहिनी. केळी कापल्या कापल्या खातो का आपण?" मग रोज सकाळी दात घासता घासता भाव बघायचा. उतरला की खुश, चढला की मंदाकाकूंना उपमा खारट झालाय म्हणून सांगायचं. काकू आता उपम्यावरून बाजारभाव ओळखतात.

लोकांनी लिहिलेले अभिप्राय नाना मोठ्याने वाचतात, पण फक्त एक तारेवाले. "पाच तारेवाला काय, खुशीत असतो. एक तारेवाल्याचं काळीज जळालेलं असतं. तोच खरं सांगतो." दुपारी मी मशीनवर, सासूबाई, म्हणजे आमच्या आक्का, लसूण सोलत, आणि ओट्यावर नाना वाचून दाखवतायत की कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या मुंजीचे फोटो कसे उडाले. आक्का तर हळहळायच्याही. "आरे बाप रे! मंग, त्या पोऱ्यानं काय व्हयनं?"

एकदा तर त्यांनी दुकानाच्या मदत केंद्राला फोन लावला. स्पीकरवर. पलीकडे एक मुलगी, आवाज अगदी साखरेसारखा.

"ताई, एक घेतलं तर हा भाव. मग डझनाचा काय?"

"सर, किंमत ठरलेली आहे."

"ते नवीन गिऱ्हाइकाला सांगा. मी रोजचा माणूस."

"सर, मी आपली आणखी काही मदत करू शकते का?"

नाना म्हणाले, "ताई, आईवडील आहेत? त्यांचा एखादा नीट फोटो काढून ठेवलाय?"

मग ती मुलगी साध्या आवाजात म्हणाली, "नाही हो, काका." आणि नानांनी तिला समजावलं, आईला सकाळी दारात बसव, ऊन तोंडावर घेऊ नको, बाजूने घे, 'हस' म्हणू नको, काहीतरी विचार म्हणजे ती आपोआप तुझ्याकडे बघेल. मुलगी हो हो म्हणत होती. डझनाचा भाव मात्र मिळाला नाही.

नानांच्या या सगळ्या उद्योगात एक काटा होता. आमच्या आक्का. शिंदखेड्याकडच्या, बोलणं अस्सल अहिराणी, ऐंशी कधीच ओलांडलेल्या, आणि आवाज असा की गल्लीच्या टोकाला भाजीवाला भाव कमी करतो. नाना त्यांच्यासमोर 'उजेडात या' म्हणाले तेव्हा आक्कांनी हातातली सुपारी खाली ठेवली.

"तो माले वर धाडाले उना शे," त्या मला म्हणाल्या. नाना समोरच उभे. "मी नही मरनार आते. जाय तू."

पुढे कित्येक वर्षं हेच. नाना कॅमेरा घेऊन आले की आक्का पदर तोंडावर घ्यायच्या. 'ब्लाउज' लिहिलेलं कार्ड हळदीच्या वाटीत कोरंच पडून. आमचे हे म्हणायचे, "नाना, लपून काढून टाका." नाना कानाला हात लावायचे. "नाही हो, भाऊ. चोरून काढलेला फोटो भिंतीवरून डोळे वटारतो."

मग समोरच्या भागाबाई गेल्या. त्याही नानांना बघितलं की न्हाणीत जाऊन कडी लावणाऱ्यांपैकी. गंधमुक्तला फोटो आला तो आधार कार्डावरून मोठा केलेला. अगं बाई, काय तो फोटो! डोळे तारवटलेले, तोंड अर्धवट, गळ्याखाली काळी सावली. एवढी गोड बाई, शेजारच्या पोरांना लाडू वळून देणारी, आणि हार घालून बसवली होती ती कोणी तिसरीच. आक्का नमस्कार करायला वाकल्या आणि तशाच राहिल्या. घरी आल्या त्या तणतणत. "भागाबाईनं तोंड आसं व्हतं का? ती का चोर व्हती?" जेवल्या नाहीत. चार दिवसांनी सकाळी मला म्हणाल्या, "बलाव त्याले."

नाना आले ते धावत, एका पायात काकूंची चप्पल. आक्का हिरवं लुगडं नेसून, गळ्यात सोन्याची एकदाणी घालून ओट्यावर बसल्या होत्या.

"एकच फोटू काढाना," त्यांनी बोट दाखवून सांगितलं. "दुसरांदाव तोंड दखाडानं नही माले."

नाना म्हणजे काय सांगू, लग्नाला उभा राहिलेला नवरदेव बरा. ऊन बघितलं, पाट सरकवला, माझं कुंडीतलं तुळशीचं रोप उचलून लांब ठेवलं. फोटो काढला. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर आम्हाला दाखवला. आक्का त्यात होत्या तशा होत्या. आक्कांनी बराच वेळ बघितला आणि "ठीक शे" म्हणून उठल्या. त्यांच्या तोंडून 'ठीक' म्हणजे आमच्या घरात सोन्याचं पदक.

आणि इथेच नानांनी आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक करून ठेवली होती, आम्हाला माहीत नव्हतं. त्या आठवड्यात त्यांना एक कार्ड मिळालं होतं. भलं मोठं. अख्खा जिल्हा, वर धुळे जिल्हाही, मावेल एवढी जागा आणि भाव भाजीच्या जुडीचा. सेलच्या नादात नानांनी एक तारेवाल्यांचं वाचलंच नाही. वाचायला गेले तोवर 'शेवटचं एकच शिल्लक' असं लाल अक्षरात आलं, आणि त्यांचं बोट पडलं. घेतलंय तर वापरू म्हणून त्यांनी स्वतःचा कायदा मोडला. भागाबाईंच्या प्रकारामुळे गल्लीतले सगळेच म्हातारे त्या दिवसांत आपणहून उजेडात आले होते. सगळे त्या एकाच कार्डात गेले. आक्का सगळ्यात शेवटी.

मला सुगावा लागला तो एका पार्सलमुळे. डिलिव्हरीवाल्याने पाकीट दिलं, वर बिल चिकटवलेलं, आणि त्यावर सवलत काहीच नाही. पूर्ण किंमत! मी पुन्हा पुन्हा बघितलं. नाव सुपडूनानांचंच. मनात म्हटलं, या माणसाला ताप आलाय.

नाना पार्सल घ्यायला आले. दाढी वाढलेली. दारातच उभे राहिले.

"वहिनी," ते म्हणाले, "आक्का गेल्या हो."

मी मागे वळून बघितलं. आक्का आत माझ्या नणंदेला फोनवर झापत होत्या.

"कुठे गेल्या?"

"कार्डातून." आणि नाना ओट्यावर मटकन बसले. कार्ड खोटं निघालं होतं. वर लिहिलेली जागा नुसती लिहिण्यापुरती. सुरुवातीचे थोडे फोटो धरले, पुढचे नावालाच. काचेवर दिसले तेवढेच, कॉम्प्युटरला लावले तर नुसती राखाडी चौकट. बाकीच्या म्हाताऱ्यांना नानांनी पुन्हा बसवलं होतं. कोणी काही बोललं नाही. राहिल्या त्या आक्का.

"मग विचारा ना त्यांना."

"तीन वेळा येऊन गेलो दारापर्यंत. दुसऱ्यांदा तोंड दाखवायचं नाही म्हणाल्यात."

"अहो, तसं काही नसतं."

"आणि त्या उद्या शिंदखेड्याला जाणार म्हणे, धाकट्याकडे. उन्हाळाभर." नानांचा आवाज एकदम बारीक झाला. "वहिनी, एवढं वय. एवढा उन्हाळा."

ते खरं होतं. आक्का जाणार म्हणून मीही सकाळपासून उगाच चिडचिड करत होते. काखेतली शिवण दोनदा उसवली होती.

तेवढ्यात आक्काच बाहेर आल्या. "काय करी राहिनात दोन्ही?" आता लपवायला जागाच नव्हती. नानांनी सांगून टाकलं, मान खाली घालून. कार्ड स्वस्तात घेतलं, खोटं निघालं, फोटो गेला, पुन्हा एकदा बसा.

आक्कांचा पारा चढला. "नही! सांगेल व्हतं तुले. एकच. आते मना जीव सोड ना तू! कसाले जोयजे तुले मना फोटू? मना पोऱ्या शेत, सुना शेत, ते दखी लेतीन. मी का तुनी माय शे?"

मला वाटलं नाना उठून जातील. ते बसूनच राहिले.

नानांच्या बैठकीत त्यांच्या आईचा फोटो आहे. भला मोठा, लाकडी चौकटीतला. रोज ताजा हार. बाई देखणी, सौम्य, कपाळाला आडवं कुंकू. येणारा जाणारा म्हणतो, नाना, आई अगदी देवीसारख्या होत्या. नाना हसतात आणि विषय बदलतात. मला वाटायचं, लाजतात.

"तो फोटो आईचा नाही, आक्का," नाना म्हणाले. "मावशीचा आहे."

आई गेली तेव्हा नाना शाळेत होते, पाचोऱ्याजवळच्या खेड्यात. आईचा एकही फोटो नव्हता, काढलाच नव्हता कधी. वडिलांना ते सहन झालं नाही. त्यांनी मावशीला आईचं लुगडं नेसवलं, आईसारखं आडवं कुंकू लावलं आणि पाचोऱ्याला स्टुडिओत नेऊन बसवलं. बहिणी बहिणी, तोंडावळा थोडा सारखा. तोच फोटो भिंतीवर गेला आणि त्याला हार पडला. "आणि मावशी पुढे म्हातारी होऊन गेली हो. आमच्याकडे यायची तेव्हा आपल्याच फोटोला हात जोडायची आणि मग चहा घ्यायची."

मला हसू आलं, ते मी हातातल्या ब्लाउजात लपवलं.

"आधी मला आई आठवायची," नाना म्हणाले. "पण रोज तोच फोटो बघून बघून... आता डोळे मिटले की मावशीच येते. आईचा चेहरा गेला, आक्का. किती आठवतो, येतच नाही. म्हणून म्हणतो, दुसऱ्या कोणाचं तसं होऊ नये."

आक्का आत गेल्या. मला वाटलं, रागावून गेल्या. थोड्या वेळाने आल्या त्या हिरवं लुगडं नेसून, एकदाणी घालून, आणि पाटावर बसल्या.

"काढ."

नानांनी पूर्ण किमतीचं कार्ड घातलं. कॅमेरा डोळ्याला लावला. पण आक्कांना नुसतं बसवेना. मनातलं सगळं तोंडावर आलं होतं, ते बाहेर पडल्याशिवाय राहतंय का! "सस्तं दिखनं का पयत सुटस तू!" त्यांनी बोट उगारलं. "उकिरडा बी सस्ता दिखना ते घर आनशी! एवढा म्हातारा व्हयना, आक्कल कवय येई तुले? आन सकायपाईन काही खादं का नही? तोंड दख कसं सुकी गयं!"

त्या बोलण्यातच बटण दाबलं गेलं. मी म्हटलं, झालं, हाही वाया. तोंड उघडं, भुवया कपाळात, बोट कॅमेऱ्यावर रोखलेलं.

नाना मागच्या काचेकडे बघत होते. बघतच राहिले. मग ओट्याच्या कडेला हळूच टेकले.

"वहिनी," ते म्हणाले, "दिखनी."

"कोण, नाना?"

"माय. माय माले दिखनी." त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसतही नव्हते. "मावशी मला कधी रागावलीच नाही हो. गरीब होती ती, आवाज चढायचा नाही तिचा. रागवायची ती माय. असंच बोट करायची. कपाळाला अशाच आठ्या, खालचा ओठ असा, आणि इथं, हनुवटीला, गोंदण होतं तिच्या, हिरवं. वहिनी, गोंदण होतं! मी विसरलोच होतो."

माझ्या हातातली सुई कुठे पडली तेही मला कळलं नाही.

आक्का पाटावरून वाकून नानांकडे बघत होत्या. नेहमीचा आवाज त्यांना सापडत नव्हता. मग हळूच म्हणाल्या, "मंग आखो एकदाव वरडू का रे?"

"वरडा, आक्का," नाना म्हणाले, आणि कॅमेरा खाली ठेवून, डोळे मिटून, त्यांच्या समोर मांडी घालून बसले.